नाव सांग, मंग सांगस

पोळ्याला पारोळ्याकडे मामांच्या गावी गेलो होतो. ओट्यावर मामा कापसाच्या भावावरून तापलेले. मी मुद्दाम एक चिठ्ठी वाचून दाखवली: ठिबक सिंचनाचं अनुदान बंद करून तोच पैसा कापसाच्या सरकारी खरेदीला लावावा. तंबाखू मळता मळता मामा थांबले. ‘‘हाई कोन म्हनस? कोना पक्ष शे?’’ ते सांगणार नाही म्हटल्यावर म्हणाले, ‘‘पहिले नाव सांग, मंग सांगस.’’

मामा निदान उघडपणे विचारतात. जेफ्री कोहेन या मानसशास्त्रज्ञाने २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत अमेरिकी विद्यार्थ्यांना सरकारी मदतीच्या योजना वाचायला दिल्या होत्या. एक योजना सढळ हाताची, दुसरी कंजूष. आपल्या पक्षाचा पाठिंबा आहे असं कळलं की उदारमतवाद्यांना कंजूष योजना पटली आणि पुराणमतवाद्यांना सढळ. वर प्रत्येकाचं म्हणणं एकच, मी योजनेचे तपशील पाहून ठरवलं!

पण पक्षालाच कूस बदलायची असेल तर? नुसता नवा ठराव करून भागत नाही. ‘आपला’ पक्ष आपलाच राहिला आहे, हे लोकांना दिसावं लागतं, आणि तिथे गोष्ट लागते.

याचा उत्तम नमुना खानदेशातच आहे. १८८५ मध्ये मुंबईत गोवालिया टँकजवळच्या संस्कृत पाठशाळेत ७२ प्रतिनिधी जमले आणि काँग्रेस सुरू झाली. त्यांत वकील बरेच, नांगर धरणारा शोधावा लागेल. पुढे १९३५ च्या भारत सरकार कायद्याने प्रांतिक मतदार सुमारे ३ कोटींवर गेले, त्यांत खेड्यांतले पुष्कळ. डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचं अधिवेशन भरलं ते खानदेशातल्या फैजपूरला. खेड्यात भरलेलं हे पहिलं अधिवेशन. चित्रकार नंदलाल बोसांनी मंडप आणि कमानी बांबू वापरून, गावाकडच्या साहित्यात उभ्या केल्या. अध्यक्ष नेहरू आले ते बैलांच्या रथातून.

मला या सगळ्यात मोलाची वाटते ती मशाल. गोवालिया टँकपासून फैजपूरपर्यंत, चारशे किलोमीटरांहून जास्त अंतर, धावपटूंनी ती हातोहात आणली. वकिलांचा पक्ष शेतकऱ्यांचा होऊ पाहत होता, पण मशाल सांगत होती की ज्योत तीच आहे, फक्त घरी आली आहे. बदल झालाच, पण तो बदल वाटला नाही.

डोक्यात हे सहज का बसतं, याचा अंदाज मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक बार्टलेट यांच्या १९३२ मधल्या कामावरून येतो. त्यांनी केंब्रिजच्या मंडळींना अमेरिकेतल्या आदिवासींची एक लोककथा वाचायला देऊन नंतर ती आठवून सांगायला लावली. कोरीव होडक्यांच्या साध्या नावा झाल्या, सीलची शिकार जाऊन मासेमारी आली. न जुळणारे तुकडे स्मरणातून गळतात आणि ओळखीचे त्यांची जागा घेतात. पक्षाच्या इतिहासाचंही तेच होतं.

ब्रिटनच्या मजूर पक्षानेही १९९५ मध्ये असंच केलं. उत्पादन साधनांच्या सामाईक मालकीचं पक्षघटनेतलं १९१८ चं कलम पक्षनेते टोनी ब्लेअर यांनी काढलं, आणि नव्या कलमाची सुरुवातच केली ‘मजूर पक्ष हा लोकशाही समाजवादी पक्ष आहे’ अशी.

म्हणून गोष्ट म्हणजे निव्वळ फसवाफसवी, असं मी म्हणणार नाही. ती सांगणाऱ्यालाही बांधते. फैजपूरला मंडपाबरोबर शेतीचा कार्यक्रमही मंजूर झाला होता: जमिनीचा सारा आणि कुळांनी द्यायचा खंड कमी करा, न परवडणाऱ्या तुकड्यांवरचा सारा माफ करा, कर्जाचं ओझं उतरवा. पुढच्याच वर्षी मुंबई प्रांतात सत्ता आल्यावर ती भाषा गिळता येईना. १९३९ मध्ये तिथे शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणाचा आणि कुळांचा असे दोन कायदे झाले. त्यांच्या अंमलबजावणीची कहाणी वेगळी, आणि तितकी सुरस नाही.

निघताना मामांना म्हटलं, चिठ्ठी माझीच होती, कुठल्याच पक्षाची नाही. मामांनी चिमूट दाढेत धरली. ‘‘मंग कसाले वाची दखाडी?’’