गिरकी न घेणारं विमान

छोटं विमान कोसळलं की बातम्यांत एक वाक्य हमखास कानावर येतं: 'विमान स्टॉल झालं, म्हणजे इंजिन बंद पडलं.' मोटारीच्या बाबतीत हे खरं आहे, विमानाच्या बाबतीत साफ चूक. विमानात स्टॉल होतो तो पंख, आणि तोही इंजिन ठणठणीत चालू असतानासुद्धा. फ्रेड वाइक या अमेरिकन इंजिनिअरने या एका गोष्टीशी वर्षानुवर्षं झुंज दिली, म्हणून त्यांच्याबद्दल लिहावंसं वाटलं.

आधी पंख समजून घेऊ. लहानपणी एसटीच्या खिडकीतून हात बाहेर काढून आपण सगळ्यांनीच बोलणी खाल्ली आहेत. तळहात आडवा धरून पुढची कड जरा उचलली की हात वर ढकलला जातो. उचलतच गेलो, तर एका क्षणी वर जाणं थांबतं आणि वारा हाताला नुसता मागे रेटतो. पंखाचंही तेच. समोरची हवा आणि पंख यांच्यातला कोन साधारण १५-१६ अंशांपुढे गेला की पंखाच्या पाठीला चिकटून वाहणारी हवा सुटते, तिचे भोवरे होतात आणि उचल ढासळते. हाच स्टॉल.

आता जरा सावकाश वाचा. वैमानिक उतरण्यासाठी वळतो आहे. वेग कमी, कोन मर्यादेला टेकलेला. धावपट्टी हुकतेय असं वाटून तो पायाने रडर, म्हणजे नाक डावी-उजवीकडे वळवणारी शेपटीवरची उभी फळी, जास्तच दाबतो. वळणाच्या आतला पंख मागे पडतो, त्याची उचल आधी जाते आणि तो खाली कलतो. खाली जाणाऱ्या पंखाला वारा खालून लागतो, म्हणजे त्याचा कोन आणखी वाढतो आणि उचल आणखी जाते. वर जाणाऱ्या पंखाचा कोन उलट कमी होतो, त्यामुळे त्याची उचल टिकून राहते. ही तफावत स्वतःलाच खतपाणी घालते आणि विमान गरगरत खाली येतं. हीच गिरकी. घाबरलेला माणूस अशा वेळी नाक उचलायला हातातला दांडा पोटाशी ओढतो, म्हणजे कोन वाढवतो! जमिनीजवळ हे घडलं तर सावरायला उंचीच उरत नाही. अशा अपघातानंतर कुणी 'घातवार होता' म्हणालं की मला राग येतो. वार कुठलाही असो, तो कोन मोजता येतो.

वाइक यांचा जन्म १८९९चा. नासाच्या आधीच्या 'नाका' या संस्थेत त्यांनी प्रोपेलर आणि इंजिनावरच्या आवरणांवर मोठं काम केलं. १९३४च्या सुमारास त्यांनी आणि सहकाऱ्यांनी फावल्या वेळात स्वतःचं एक छोटं विमान बांधलं. त्यातून पुढे १९३७ साली 'एर्कूप' हे विमान उडालं. उपाय किती साधा होता पाहा: शेपटीवरची नाक उचलणारी फळी सुमारे १३ अंशांपलीकडे वर जाणारच नाही असा अटकाव. दांड्याच्या जागचं हातातलं चाक कितीही ओढा, पंख त्या घातक कोनापर्यंत पोचत नाही. रडरचे पायटे काढून टाकले आणि रडर त्या चाकालाच जोडलं. त्यामुळे पाय निकामी असलेल्यांनाही हे विमान चालवता आलं. १९४० साली सरकारी प्रमाणपत्रात या विमानाला गिरकी येऊच शकत नाही अशी नोंद झाली.

म्हणजे धोका संपला असं मुळीच नाही. वेग फार उतरला तर एर्कूप गिरकी न घेता झपाट्याने खाली बसतं. महायुद्धानंतर तर ते चक्क न्यूयॉर्कच्या मेसीज या डिपार्टमेंट स्टोअरमध्ये विकायला ठेवलं होतं. घरोघरी विमान येणार अशी हवा होती. १९४६ साली हजारो एर्कूप बनली आणि लवकरच मागणी कोसळली. आज हवाई टॅक्सीच्या जाहिराती पाहताना हे आठवावं.

पुढे वाइक यांनी शेतात औषध फवारणाऱ्या विमानांवर काम केलं. अपघात होणारच असं धरून त्यांनी वैमानिकाला उंचावर, औषधाच्या टाकीच्या मागे बसवलं. धडकेत आधी पुढचा भाग चेपावा म्हणून. १९६९ साली ते पायपर या विमान कंपनीतून निवृत्त झाले आणि १९९३ मध्ये फ्लोरिडात व्हीरो बीच इथे वारले. त्यांची एर्कूप आजही उडतात. आडव्या वाऱ्यात ती खेकड्यासारखी तिरकी उतरतात, आणि चाकं टेकली की नाक आपसूक धावपट्टीच्या दिशेला वळतं.