‘तुझी उणीव भासली’ आणि ‘तू असतास तर जिंकलो असतो’

दुखापत होऊन घरी बसलेल्या गड्याला सामना संपल्यावर मेसेज जातो, तेव्हा ही दोन वाक्यं बहुतेक वेळा एका दमात लिहिली जातात. लिहिणाऱ्याच्या मनात दोन्हींमागे मायाच असते. पण उशीवर पाय ठेवून पडलेल्या मुलाला ती एकसारखी लागत नाहीत. पहिल्यात त्याची आठवण आहे. दुसऱ्यात हरल्याचा हिशेब आहे, आणि तो त्याच्या गुडघ्याच्या नावावर मांडलेला आहे.

कबड्डीचं उदाहरण घेऊ. डावा कोपरा सांभाळणारा मुलगा घरी आहे. त्याला असं लिहिता येतं: ‘मध्यंतराला बरोबरी होती. मग दोन चढाया रिकाम्या गेल्यावरची त्यांची तिसरी चढाई आली, गुण घेणं त्यांना भागच होतं. चढाईवाला बोनस रेषेकडे पाय टाकतो तेव्हा तू घोटा धरतोस ना, तिथं आपला नवा पोरगा अर्धं पाऊल मागे राहिला. पुढे लोण बसला आणि सामना गेला. पोरगा गप्प आहे. त्याला फोन करून सांग ना, हात नेमका कधी घालायचा.’ यात हार लपवलेली नाही, नव्या पोराला दोषही दिलेला नाही. उणीव कुठे भासली ते नेमकं कळतं आणि अंथरुणावरून करता येईल असं एक कामही हातात मिळतं. मला तर असा मेसेज ‘गेट वेल सून’च्या फुलांपेक्षा शंभर पटींनी मोलाचा वाटतो.

दुसरं वाक्य बऱ्याचदा खरंही नसतं. 2014च्या फुटबॉल विश्वचषकात उपांत्यपूर्व सामन्यात ब्राझीलच्या नेमारच्या मणक्याचं हाड मोडलं. जर्मनीविरुद्धच्या उपांत्य सामन्याआधी राष्ट्रगीताच्या वेळी डेव्हिड लुईझ आणि ज्युलिओ सेझार यांनी त्याची 10 नंबरची जर्सी हातात धरली होती. उणीव भासल्याचं याहून उघड रूप कोणतं! पण ब्राझील तो सामना 1-7 असा हरला, मध्यंतरालाच 0-5 होतं. नेमार आघाडीचा खेळाडू, आणि भगदाड पडलं होतं बचावात. बचावपटू असलेला कर्णधार थियागो सिल्व्हाही निलंबनामुळे बाहेर होता. ‘नेमार असता तर’ म्हणणं सोपं होतं, पण सात गोल त्याने अडवले असते का?

या वाक्याचा खरा धोका पुढे असतो. गुडघ्याच्या एसीएल या लिगामेंटची शस्त्रक्रिया झाली की मैदानात परतायला साधारण 9 महिने द्यावे लागतात. त्याआधी घाई केली तर तोच गुडघा पुन्हा जाण्याची भीती बरीच वाढते. आपल्यामुळे संघ हरतोय हे मनात बसलेला मुलगा सहाव्या महिन्यातच बूट बांधतो. फिजिओ नको म्हणत असतो, पण त्याच्या कानात आपलं वाक्य वाजत असतं.

संघ जिंकला असेल तर प्रश्न कमी. सरळ आनंदाने लिहावं, तो आपल्यातलाच आहे.

सामन्याचा व्हिडिओ तेवढा विचारल्याशिवाय पाठवू नये. कुणाला तो त्याच रात्री हवा असतो, कुणाला महिनाभर बघवत नाही.