गुडघ्याची वाटी

गुडघ्याची वाटी हे मांडीच्या क्वाड्रिसेप्स या पुढच्या स्नायूच्या कंडरेत, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या चिवट दोरात, रुतलेले त्रिकोणी हाड. त्याचे टोक खाली असते. कंडरेत तयार होणाऱ्या हाडांत शरीरातले हे सर्वांत मोठे. तिचे वैद्यकीय नाव ‘पटेला’, या लॅटिन शब्दाचा अर्थही छोटी थाळी असाच. जन्मतः वाटी कूर्चेची, म्हणजे हाडापेक्षा मऊ, लवचीक ऊतीची असते, साधारण ३ ते ६ वर्षांच्या वयात तिच्यात हाड धरू लागते. म्हणून तान्ह्या बाळाच्या एक्स-रेत ती दिसत नाही.

वाटी म्हणजे सांध्यावरचे झाकण, असे परीक्षेतही लिहिले जाते. मार लागल्यावर ती आतल्या भागाला थोडे वाचवते हे खरे, पण तिचे मुख्य काम तरफेचे आहे. दार बिजागरीजवळ ढकलून पाहावे आणि मग कडीजवळ. फरक लगेच हाताला कळतो. वाटी कंडरेला सांध्याच्या अक्षापासून पुढे उचलून धरते, त्यामुळे स्नायूने तेवढीच ओढ दिली तरी पाय अधिक जोराने सरळ होतो. १९३७ साली राल्फ ब्रुक या ब्रिटिश शल्यविशारदांनी मोडलेली वाटी काढून टाकावी, तिच्यावाचून काही अडत नाही, असे मांडले होते. पुढच्या मोजमापांत उलटेच दिसले: वाटीशिवाय पाय पूर्ण ताठ करायला क्वाड्रिसेप्सला बरीच जास्त ताकद लागते.

जमिनीवर पाय पसरून, मांडी सैल सोडून वाटी चिमटीत धरावी. ती डावी-उजवीकडे सहज सरकते. मांडी आवळताच वर चढते आणि घट्ट होते. पाय दुमडू लागला की ती मांडीच्या हाडाच्या खोबणीत बसते, आणि दाब वाढत जातो: सपाटीवर चालताना शरीराच्या वजनाच्या सुमारे निम्मा, जिना चढताना तिप्पट, खोल उठाबशीत सात-आठ पट. हा भार पेलायला वाटीच्या मागची कूर्चा शरीरातल्या सर्वांत जाड कूर्चांपैकी आहे.

स्नायूची ओढ तिरपी असल्याने वाटी बाहेरच्या बाजूला ओढली जाते. खोबणीचा बाहेरचा उंच काठ आणि आतल्या बाजूचे स्नायुतंतू तिला आवरतात. तरीही निखळली तर ती बहुधा बाहेरच निखळते.

सांधेरोपणाला लोक ‘वाट्या बदलल्या’ म्हणतात. प्रत्यक्षात त्यात मांडीच्या आणि नडगीच्या हाडांचे पृष्ठभाग बदलतात. वाटी रुग्णाची स्वतःचीच राहते. फार तर तिच्या मागे प्लॅस्टिकचे अस्तर बसवतात.