माठाचा सगळ्यात काळा भाग काठावर नसतो

एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या वस्तुचित्राच्या सरावात एक चूक हमखास दिसते. माठाचे दोन्ही काठ काळे आणि मधोमध पांढरा ठिपका! असा माठ गोल वाटत नाही.

सकाळी आठच्या सुमारास सारवलेल्या अंगणात मातीचा माठ ठेवून पाहा. खरखरीत मातीवर ऊन जितकं तिरकं पडेल तितका उजेड कमी. योहान लांबर्टने १७६० मध्ये हा नियम मांडला. ऊन सरळ पडतं तिथे पूर्ण उजेड. तिथून माठाचा पृष्ठभाग ३० अंश वळला तरी ८७ टक्के उरतो, ६० अंशांवर निम्मा, ८० अंशांवर जेमतेम १७ टक्के. म्हणजे आधी उजेड हळू उतरतो, मग झपाट्याने. त्यातही निम्मा उजेड डोळ्याला फक्त पाव भागाने कमी वाटतो. म्हणून उन्हाच्या बाजूला हात अगदी हलका हवा.

९० अंशांपुढे ऊन पोचत नाही. सगळ्यात गडद पट्टा तिथेच, काठाच्या बराच आत. पुढे काठाकडे काळोख किंचित विरळ होतो, कारण उन्हातलं अंगण खालून उजेड परत फेकतं. हा परतीचा उजेड दाखवला की माठाला पोट येतं. तो उन्हाच्या बाजूपेक्षा गडदच ठेवावा. खोडरबराने तिथे पांढरं केलं की माठ पत्र्याचा दिसतो.

सूर्य तासाला १५ अंश सरकतो, तेव्हा पडछायेची कड पहिल्या दहा मिनिटांतच आखून घ्या.

बाह्यरेषा एचबी पेन्सिलीने, न दाबता. सगळी छाया २बीने सपाट भरा, गडद पट्टा ४बीने, आणि ६बी फक्त बुडाशी, जिथे माठ जमिनीला टेकतो. एकदम दाबून काळं करू नका. दाबल्यावर ग्राफाइटचे पापुद्रे आडवे बसून चमकतात, कागदाचा खरखरीतपणा बुजतो आणि वर दुसरा थर धरत नाही. तीन-चार हलके थर वेगवेगळ्या दिशांनी द्या. बोटाने पुसलं तर घामाचा तेलकट डाग बसतो. सरकी काढलेल्या कापसाचा बोळा वापरा, आणि उन्हाळ्यात तळहाताखाली कोरा कागद ठेवाच.

पितळेच्या गडव्याला मात्र हा हिशेब लागू नाही. चकचकीत धातूत आजूबाजूचंच प्रतिबिंब दिसतं, त्यामुळे पांढऱ्या पट्ट्याला खेटून काळा पट्टा येतो, मधली छटा न देता.