डोळ्याला लेझरचा चटका का बसत नाही?

चष्म्याचा नंबर घालवायच्या लेझर शस्त्रक्रियेचा विषय निघाला की दोन वाक्यं हमखास कानावर येतात. ‘लेझरने डोळा भाजतात म्हणे’ हे एक, आणि ‘मध्येच डोळा हलला नि किरण भलतीकडे गेला तर?’ हे दुसरं. या भीतीला हसण्यात अर्थ नाही. लेझरने पोलाद कापतात हे सगळ्यांना माहीत असतं, लेझर पॉइंटर कुणाच्या डोळ्यावर मारू नकोस असं आपणच मुलांना बजावतो, आणि इथे तर जागेपणी, उघड्या डोळ्यात लेझर सोडायचा! पोटात गोळा येणारच. पण या शस्त्रक्रियेमागचं भौतिकशास्त्र नीट पाहिलं तर लक्षात येतं की लेझर हा या सगळ्या प्रकारातला सर्वात भरवशाचा भाग आहे. धास्तावायचं असेल तर त्याआधी होणाऱ्या तपासणीबद्दल धास्तावावं, इतकी ती महत्त्वाची आहे आणि इतकी ती घाईत उरकली जाऊ शकते.

आधी नंबर का लागतो ते थोडक्यात. डोळ्यात शिरणारा प्रकाश वाकवून पडद्यावर, म्हणजे रेटिनावर, एकवटायचं काम दोघं मिळून करतात: आतलं भिंग आणि सर्वात पुढची पारदर्शक काच, म्हणजेच कॉर्निया. डोळ्याची एकूण ताकद सुमारे ६० डायॉप्टर (चष्म्याचा नंबरही याच एककात मोजतात) धरली तर त्यातली ४३ च्या आसपास एकट्या कॉर्नियाची असते. लघुदृष्टीत, म्हणजे दूरचं अंधुक दिसतं तेव्हा, बहुतेक वेळा नेत्रगोल मागेपुढे थोडा जास्त लांब झालेला असतो आणि प्रतिमा पडद्याच्या अलीकडेच तयार होते. एका मिलिमीटरची जादा लांबी म्हणजे साधारण अडीच ते तीन नंबर.

हे एकदा कळलं की ‘व्यायामाने चष्मा घालवा’ या दाव्यांचं काय करायचं तेही कळतं. डोळे गोल फिरवून नेत्रगोलाची लांबी मिलिमीटरभर कमी होत नाही. कसलेकसले रस डोळ्यांत घातल्याने तर नाहीच, उलट कॉर्नियाला जंतुसंसर्ग होऊन जखम होऊ शकते. सूर्याकडे टक लावून बघण्याचा ‘उपचार’ सर्वात घातक, कारण त्याने पडदाच जळतो आणि तो पुन्हा भरून येत नाही. लेझरला घाबरून याच्या नादी लागणारी माणसं आहेत, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

नेत्रगोल आखूड करता येत नाही, पण कॉर्नियाची वक्रता बदलता येते. मध्यभाग किंचित सपाट केला की प्रकाश कमी वाकतो आणि प्रतिमा मागे सरकून पडद्यावर पडते. किंचित म्हणजे किती? चार्ल्स मनरलिन यांनी १९८८ साली सहकाऱ्यांसह मांडलेलं एक सोपं सूत्र आहे. ज्या गोलाकार भागावर काम करायचं त्याचा व्यास मिलिमीटरमध्ये घ्या, त्याचा वर्ग करा, नंबराने गुणा आणि तीनने भागा. उत्तर मायक्रॉनमध्ये, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागांत, येतं. व्यास ६ मिलिमीटर आणि नंबर उणे ४ असेल तर मध्यभागी ४८ मायक्रॉन खोली. माणसाच्या एका केसाच्या जाडीपेक्षाही कमी! तेवढा ऊतींचा थर काढायचा, आणि उरलेली कॉर्निया काचेसारखी स्वच्छ राहायला हवी. हे साधणार कसं?

इथे माझा सर्वात आवडता भाग येतो. लेझर म्हटलं की आपल्याला उष्णता आठवते, आणि ते बरोबरही आहे. हिरव्या लेझरच्या एका फोटॉनमध्ये, म्हणजे प्रकाशाच्या एका कणात, सुमारे २.३ इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा असते. ऊतींमधले रासायनिक बंध थेट तोडायला ती पुरत नाही. असे फोटॉन शोषले गेले की रेणू थरथरू लागतात, तापमान चढतं, पाणी उकळतं, प्रथिनं करपतात. नंबर काढायला जो लेझर वापरतात तो मात्र वेगळ्या घराण्यातला. त्याचं नाव एक्सायमर लेझर. आरगॉन हा एरवी कुणाशीच संयोग न करणारा वायू. त्याला विजेचा जोरदार झटका दिला की तो फ्लोरीनशी क्षणभर जोडी जमवतो. ही जोडी टिकत नाही. ती फुटताना १९३ नॅनोमीटर तरंगलांबीचा अतिनील प्रकाश बाहेर पडतो. त्याच्या एका फोटॉनची ऊर्जा ६.४ इलेक्ट्रॉन-व्होल्ट. कार्बन-नायट्रोजन बंध तोडायला साधारण तीन, कार्बन-कार्बन बंधाला साडेतीनच्या आसपास लागते. म्हणजे एकेक फोटॉन एकेक बंध तोडायला पुरून उरतो. तापवण्याच्या मार्गाने जायची त्याला गरजच पडत नाही.

कॉर्निया मुख्यतः कोलॅजेन या प्रथिनाची बनलेली असते आणि प्रथिनांच्या साखळीतले पेप्टाइड बंध नेमका याच तरंगलांबीचा प्रकाश अधाशासारखा शोषतात. त्यामुळे किरण पहिल्या काही मायक्रॉनमध्येच संपतो. हा लेझर सलग न सुटता स्पंदांत, म्हणजे क्षणिक झोतांत, सुटतो. एका स्पंदात एका छोट्याशा जागेतले असंख्य बंध एकदम तुटतात. अखंड साखळीपेक्षा तिच्या तुकड्यांना जागा जास्त लागते. दाबून भरलेल्या ट्रंकेची कडी तुटावी आणि आतले कपडे उसळून बाहेर यावेत तसे हे तुकडे ध्वनीपेक्षाही जास्त वेगाने पृष्ठभागावरून उडून जातात, आणि जाताना उरलीसुरली उष्णताही सोबत नेतात.

यात वेळेचं गणित फार सुंदर आहे. एक स्पंद १० ते २० नॅनोसेकंद टिकतो. उष्णतेला ऊतींमधून एक मायक्रॉन अंतर पसरायला मायक्रोसेकंदाच्या घरातला वेळ लागतो, म्हणजे स्पंदाच्या सुमारे शंभर पट. उष्णता शेजारच्या थरात पाझरू लागण्याआधी स्पंद कधीच संपलेला असतो. म्हणून इजेचा पट्टा मायक्रॉनच्या आतच राहतो. एका स्पंदाने साधारण पाव मायक्रॉन थर निघतो. आपल्या उणे ४ च्या उदाहरणात मध्यभागी असे एकाखाली एक सुमारे २०० थर निघतील. हाताने धरलेल्या कुठल्याही पात्याला ही किमया जमणार नाही.

हे कळलं कसं, तेही सांगायला हवं. अमेरिकेत यॉर्कटाउन हाइट्स इथल्या आयबीएमच्या संशोधन केंद्रात रंगस्वामी श्रीनिवासन, जेम्स विन आणि सॅम्युएल ब्लम एक्सायमर लेझरवर काम करत होते. श्रीनिवासन मूळचे भारतातले. हा लेझर प्लॅस्टिक सुबक कोरतो हे दिसलं होतं. सजीव ऊतींचं काय होईल, हा प्रश्न होता. थँक्सगिव्हिंग या अमेरिकी सणाच्या मेजवानीत उरलेल्या टर्की पक्ष्याचे अवशेष घेऊन श्रीनिवासन २७ नोव्हेंबर १९८१ रोजी प्रयोगशाळेत आले आणि त्यांवर हा लेझर सोडला. तुलनेसाठी हिरवा लेझरही वापरून पाहिला. हिरव्याने कडा करपल्या, अतिनील लेझरने स्वच्छ खाच पडली. पुढे त्यांनी माणसाच्या एका केसावर ओळीने कोरलेल्या खाचांचं सूक्ष्मदर्शकातलं छायाचित्र प्रसिद्ध झालं. खाचांच्या कडा सरळ, कोपरे काटकोनी, आणि करपल्याचा मागमूस नाही. १९८३ साली नेत्रतज्ज्ञ स्टीफन ट्रोकेल यांच्यासोबत हे तंत्र कॉर्नियावर वापरल्याचा शोधनिबंध आला आणि तिथून सगळं सुरू झालं.

आता भीतीकडे. ‘शस्त्रक्रिया चालू असताना जळका वास आला, म्हणजे डोळा जळतच होता,’ असं करून आलेली माणसं सांगतात. वास खरा आहे. उडालेले कार्बनयुक्त रेणूंचे तुकडे नाकापर्यंत पोहोचतात, त्यांचा तो वास. जळण्याची क्रिया तिथे झालेली नसते. किरण आत शिरून पडदा जाळेल ही शंकाही याच हिशेबात मिटते, कारण अर्ध्या मिलिमीटर जाडीच्या कॉर्नियात तो काही मायक्रॉनपलीकडे जातच नाही. समोर जो हिरवा किंवा लाल दिवा लुकलुकताना दिसतो तो नजर स्थिर ठेवण्यासाठी असतो. काम करणारा किरण अदृश्य असतो. अतिनील म्हणजे कर्करोग, असाही एक प्रश्न येतो आणि तो चांगला आहे. सूर्यप्रकाशातले घातक अतिनील किरण २९० ते ३२० नॅनोमीटरच्या पट्ट्यातले; ते पेशीच्या केंद्रकातल्या डीएनएपर्यंत पोहोचतात. १९३ नॅनोमीटरचा प्रकाश वाटेतली प्रथिनंच गिळून टाकतात, त्यामुळे डीएनएपर्यंत तो फारसा उरत नाही.

डोळा हलला तर? पापण्या मिटू नयेत म्हणून तारेची छोटी चौकट बसवलेली असते, त्यामुळे पापणी मिटायची चिंता नको. बुबुळावर कॅमेऱ्याची नजर असते. सेकंदाला शेकडो वेळा तो बाहुलीची जागा तपासतो आणि किरण तिच्यामागे सरकवतो. डोळा ठरावीक मर्यादेबाहेर गेला की लेझर आपोआप थांबतो, आणि नजर परत जागेवर आल्यावर जिथे थांबला तिथून पुढे सुरू होतो. प्रत्यक्ष लेझर चालण्याचा वेळ बहुतेकदा मिनिटाच्या आतला असतो.

दुखतं का? कॉर्नियात वेदनेच्या मज्जातंतूंची इतकी दाटी आहे की शरीरात इतरत्र क्वचितच आढळावी. पण भुलीच्या थेंबांनी ती चटकन बधिर होते. ‘लॅसिक’ या सर्वात प्रचलित प्रकारात आधी कॉर्नियाचा वरचा १०० ते १२० मायक्रॉनचा पापुद्रा उचलतात आणि त्याखालच्या थरावर एक्सायमर लेझर चालवतात. त्यासाठी डोळ्यावर निर्वात कडं बसवतात तेव्हा दाब जाणवतो आणि काही सेकंद दिसणं अंधुक होतं किंवा बंदच होतं. याची आधी कल्पना दिलेली नसली तर माणूस त्या क्षणी हबकतो, म्हणून मुद्दाम लिहितो: ते अपेक्षित आहे, कडं काढलं की दिसू लागतं. हा पापुद्रा कापायला आता बहुधा फेम्टोसेकंद लेझर वापरतात, ज्याचे स्पंद नॅनोसेकंदापेक्षाही कितीतरी छोटे असतात. इतके अल्प स्पंद पुरेसे शक्तिशाली करण्याची युक्ती डॉना स्ट्रिकलंड आणि जेरार मूरू यांनी १९८५ साली शोधली. त्यांना २०१८ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. नंतरचे काही तास डोळे चुरचुरतात, पाणी वाहतं. पापुद्रा न उचलता फक्त वरची त्वचा दूर करून केलेल्या ‘पीआरके’त दुखणं तीनचार दिवस आणि जास्त असतं. मात्र त्यात पापुद्रा सरकायचा धोका नाही, त्यामुळे डोळ्याला मार बसण्याची शक्यता असलेल्या खेळाडूंना किंवा सैनिकांना बऱ्याचदा तीच सुचवतात.

इतकं सांगून झाल्यावर ‘काहीच होत नाही हो’ असं म्हणणं अप्रामाणिकपणाचं ठरेल. ‘दहा मिनिटांत कायमचे चष्मामुक्त’ अशा जाहिरातींची मला चीड आहे, कारण त्यांत धोक्यांचा उल्लेख शोधूनही सापडत नाही. पापुद्रा कापताना कॉर्नियाचे मज्जातंतू कापले जातात, अश्रूंचं नियंत्रण बिघडतं आणि काही महिने डोळे कोरडे पडतात. काहींना त्याहून जास्त काळ. रात्री दिव्यांभोवती वलयं दिसू शकतात. अमेरिकेत ‘प्राउल’ नावाचा अभ्यास झाला, त्याचे निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाले. शस्त्रक्रियेआधी वलयं, चकाकी असली कुठलीच तक्रार नसलेल्यांपैकी ४० टक्क्यांहून अधिक लोकांना तीन महिन्यांनी असं काही ना काही नव्याने जाणवत होतं. त्याच अभ्यासात ९५ टक्क्यांहून अधिक लोक आपल्या दृष्टीबद्दल समाधानी होते आणि या लक्षणांमुळे रोजच्या कामांत फार अडचण येणारे एक टक्क्याहून कमी. हे दोन्ही आकडे एकत्र वाचायचे असतात. रात्री वाहन चालवणं हाच ज्याचा व्यवसाय आहे, त्याने पहिल्या आकड्यावर जास्त वेळ थांबावं.

खरा जपण्यासारखा धोका आहे तो कॉर्निया कमकुवत होऊन पुढे फुगण्याचा, म्हणजे एक्टेझियाचा. त्याचं गणित घरबसल्या मांडता येतं. कॉर्नियाची मध्यभागी सरासरी जाडी ५४० मायक्रॉन. पापुद्र्याचे ११० वजा केले, उणे ४ साठीचे ४८ वजा केले, खाली ३८२ उरले. उत्तम. आता जाडी ४८० आणि नंबर उणे ९ घ्या: ४८० वजा ११० वजा १०८, म्हणजे २६२. किमान २५० तरी उरायला हवेत असा संकेत आहे आणि कित्येक सर्जन ३०० वर अडून बसतात. अशा डोळ्यावर लॅसिक न करणारा डॉक्टर हाच चांगला डॉक्टर.

जाडी पुरेशी असूनही कॉर्निया मुळात कमजोर असू शकते. केराटोकोनसची, म्हणजे कॉर्निया पातळ होऊन शंकूसारखी पुढे येण्याच्या विकाराची, सुरुवात असलेल्या माणसाला स्वतःला काहीच कळत नाही, फक्त नंबर वाढत राहतो आणि डोळे चोळायची सवय असते. टोपोग्राफी या तपासणीत हे पकडता येतं. संगणकाच्या पडद्यावर कॉर्नियाचा रंगीत नकाशा उमटतो, आणि बहुतेकदा खालच्या अर्ध्या भागात एक लालसर डाग, म्हणजे जास्त उंचवटा, दिसतो. तो दिसला की लॅसिकचा विचार तिथेच सोडायचा. हा नकाशा खरा यावा म्हणून तपासणीआधी कॉन्टॅक्ट लेन्स बंद ठेवाव्या लागतात, मऊ असतील तर एकदोन आठवडे, कडक असतील तर त्याहून बऱ्याच जास्त, कारण लेन्स कॉर्नियाचा आकार तात्पुरता दाबून बदलतात. ‘आज तपासा, उद्या करून टाका’ असं कुणी म्हणालं आणि तुम्ही कालपर्यंत लेन्स घालत होता, तर तिथून उठून यावं. वर्षभर नंबर स्थिर नसेल, गर्भारपण किंवा स्तनपान चालू असेल, डोळे आधीच कोरडे असतील, तर थांबावं.

चाळिशी लागली की जवळचं वाचायला चष्मा लागणारच. ती आतल्या भिंगाची ताठरता आहे, कॉर्नियावर काही केल्याने ती टळत नाही. मोठा नंबर असलेल्यांचा पडदा ताणलेला असतो, तो नंबर गेल्यावरही ताणलेलाच राहतो. म्हणून पडद्याची तपासणी बंद करू नये.

आणि शस्त्रक्रियेआधीची सगळी कागदपत्रं, जुना नंबर, कॉर्नियाच्या वक्रतेचे आकडे, टोपोग्राफीचे नकाशे, मागून घेऊन जपून ठेवा. पुढे कधीतरी मोतीबिंदू होईल तेव्हा डोळ्यात कोणत्या ताकदीचं भिंग बसवायचं ते कॉर्नियाच्या वक्रतेवरून काढतात. लेझर झालेल्या कॉर्नियावर नेहमीची सूत्रं चुकतात आणि माणसाला नको असलेला नंबर पदरी पडू शकतो. त्या वेळी सर्जन सर्वात आधी हीच कागदपत्रं मागतील.