कळलावीचं चित्र, वनस्पतिशास्त्राचा पुरावा

पावसाळ्यात कुंपणावर चढलेल्या कळलावीचा फोटो आज कुणीही छान काढतो. तरी नव्या वनस्पतीचं वर्णन छापताना शास्त्रज्ञ अजूनही हाताने काढलेल्या चित्राकडे वळतात. फोटोत एका वेलीचा एक क्षण येतो. चित्रकार मात्र कळी, उमललेलं फूल, बोंड आणि जमिनीखालचा कंद एकाच कागदावर मांडतो.

कळलावीचंच फूल जवळून पाहा. ते खाली झुकलेलं असतं, पण सहाही पाकळ्या उलट वर वळलेल्या, कडा नागमोडी. पाकळी बुडाशी पिवळी, टोकाला तांबडी. फूल जून होत जातं तसं ते सगळंच तांबडं होतं. सहा पुंकेसर चहूकडे फाकलेले. आणि स्त्रीकेसराची दांडी अंडाशयातून निघते न निघते तोच जवळजवळ काटकोनात आडवी वळते. दाबून सुकवलेल्या नमुन्यात फूल चपटं होतं, रंग उडतो आणि त्या काटकोनाचा पत्ताच लागत नाही. चित्रात तो टिकतो, पण चित्रकाराला त्याचं महत्त्व ठाऊक असेल तरच. किडीने कुरतडलेली पानाची कड गाळायची, त्याच पानाच्या टोकाला झालेला ताणा मात्र गाळायचा नाही. खरं कौशल्य या निवडीत आहे, हात त्यानंतर.

काम मोजमापापासून सुरू होतं. डिव्हायडरने अंतरं घेऊन पेन्सिलीची रेघ, मग जलरंग किंवा शाई. जलरंगात पानाची चकाकी कागद कोरा सोडून दाखवतात. शाईत छटा टिंबांनी येते, आणि तिथे छपाईचं भान लागतं: चित्र लहान करून छापलं की फार दाट टिंबं एकमेकांत मिसळून काळा डाग पडतो. ‘दुप्पट आकार’ असं लिहिण्याऐवजी शेजारी मापपट्टी काढतात तीही यासाठीच. चित्र आक्रसलं तर पट्टीही तेवढीच आक्रसते.

अशा चित्रांवर किती भार टाकला गेला आहे, याचं ठळक उदाहरण म्हणजे ‘हॉर्टस मलबारिकस’. कोचीनचा डच अधिकारी व्हान ऱ्हीड याने करवून घेतलेला मलबारच्या वनस्पतींवरचा हा 12 खंडांचा ग्रंथ 1678 ते 1693 दरम्यान ॲमस्टरडॅममध्ये छापला गेला. रंग भट, विनायक पंडित आणि आप्पू भट या कोकणी वैद्यांनी त्यासाठी माहिती दिली. त्यांचं 1675 चं नागरी लिपीतलं प्रशस्तिपत्र ग्रंथात आहे. वनस्पतींना शास्त्रीय नावं देण्याची पद्धत रुजवणारा स्वीडिश शास्त्रज्ञ लिनियस भारतात कधीच आला नाही. त्याने इथल्या कित्येक झाडांना नावं देताना या चित्रांचा आधार घेतला, आणि त्यातल्या अनेक नावांचा अधिकृत नमुना, म्हणजे नाव नेमकं कुठल्या वनस्पतीचं हे ठरवणारा पुरावा, आजही ती छापील चित्रंच आहेत. नव्या जातीसाठी आता ही मुभा नाही: 2007 पासून जपून ठेवलेला प्रत्यक्ष नमुना लागतो, काही सूक्ष्म शेवाळं आणि बुरशी यांचा अपवाद सोडून.

आपल्याकडचं काम पुण्याजवळच्या दापोडीचं. तिथल्या सरकारी बागेशी जोडलेला डॉक्टर अलेक्झांडर गिब्सन याने 1847 ते 1850 या काळात वनस्पतींची जलरंगातली चित्रं काढून घेतली. ती आता एडिंबराच्या रॉयल बोटॅनिक गार्डनमध्ये आहेत. चित्रकार पोर्तुगीज-भारतीय होता एवढं कळतं. त्याचं नाव कुणी नोंदवलंच नाही. झाडाच्या नावापुढे ते ठेवणाऱ्या शास्त्रज्ञाचं नाव लागतं. मला वाटतं, चित्राखाली चित्रकाराचंही नाव तितक्याच नेमाने छापलं जावं.