आर्टवर्क-साठवण, मीडिया सर्व्हरमधील

चित्रपट, मालिका व संगीत यांच्या घरगुती डिजिटल संग्रहाची सूची करून तो टीव्ही, मोबाइल इत्यादींवर पुरवणाऱ्या सॉफ्टवेअरला मीडिया सर्व्हर म्हणतात. प्रत्येक नोंदीसाठी मिळवलेली पोस्टरे, पार्श्वचित्रे (फॅनआर्ट), बॅनर, कलावंतांची छायाचित्रे डिस्कवर कोठे व कोणत्या नावाने ठेवायची, याची पद्धत म्हणजे आर्टवर्क-साठवण. एरवी तिच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. नवी आवृत्ती बसवल्यावर पोस्टरांच्या जागी रिकाम्या चौकटी दिसू लागल्या, की मग शोधाशोध सुरू होते.

सर्वांत जुनी रीत म्हणजे चित्र मूळ फायलीच्या शेजारीच ठेवणे. विंडोज एक्सपीच्या काळात विंडोज मीडिया प्लेअर अल्बमच्या फोल्डरात ‘फोल्डर.जेपीजी’ व ‘अल्बमआर्टस्मॉल.जेपीजी’ या फायली लपवून ठेवत असे. पैकी पहिले नाव आजही बहुतेक सर्व्हर ओळखतात. दुसरी रीत मध्यवर्ती कोठाराची. तीत चित्राला वाचता येणारे नाव नसते. एखाद्या मजकुरावरून गणिताने काढलेला ठसा, म्हणजे हॅश, हेच त्याचे नाव. यापुढचे बहुतेक प्रश्न ठसा कशाचा काढला, याभोवती फिरतात.

या दुसऱ्या रीतीचे ठळक उदाहरण एक्सबीएमसी, म्हणजे २०१४ पासूनचे कोडी. काटेकोर अर्थाने तो सर्व्हर नव्हे, प्लेअर आहे. पण प्लेक्स या मीडिया सर्व्हरचा जन्म २००८ मध्ये त्याच्याच मॅकवरील शाखेतून झाला, म्हणून या नोंदीत त्याला अग्रस्थान. तेथे सुरुवातीला चित्रफायलींना ‘.टीबीएन’ हे शेपूट असे. आत साधे जेपीईजी किंवा पीएनजीच. वापरणाऱ्याच्या स्वतःच्या छायाचित्रांत ही लघुचित्रे मिसळू नयेत म्हणून शेपूट बदलले असावे, हे मानणे सयुक्तिक वाटते. नाव मात्र सीआरसी-३२ या ३२ बिटांचा ठसा देणाऱ्या पद्धतीने काढलेला आठ अंकांचा षोडशमान (० ते ९ व ए ते एफ) ठसा. हीच पद्धत का, याचे उत्तर दोन प्रकारे देता येते. एक, एक्सबीएमसी मुळात ज्या खेळयंत्रासाठी लिहिले गेले त्या पहिल्या एक्सबॉक्सची स्मृती अवघी ६४ मेगाबाइट होती, तेव्हा हलके गणित सोयीचे. दुसरे, त्याच्या फॅटएक्स फाइलप्रणालीत नावाला ४२ अक्षरांची मर्यादा होती आणि आखूड, ठरावीक लांबीच्या नावाने ती अडचण सुटते. दुसरे कारण अधिक वजनदार दिसते; गणिताच्या वेगापेक्षा नावाची लांबी रोज नडणारी होती.

हे सीआरसी-३२ नेहमीचेही नव्हे. गणिताचा पाया असलेली बहुपदी तीच, ०४सी११डीबी७. पण बिटांचा क्रम उलटवला जात नाही आणि शेवटची पूरक क्रियाही (० चे १, १ चे ०) होत नाही. एमपीईजी-२ या डिजिटल व्हिडिओच्या मानकात वापरला जाणारा प्रकार तो हाच. ठसा काढण्यापूर्वी मार्गातील, म्हणजे फोल्डरांसह फायलीच्या पूर्ण नावातील, रोमन अक्षरे लहान लिपीत आणली जातात. परिणामी झिप फायलींसाठीच्या साधनाने तोच मार्ग मोजला तर वेगळाच आकडा येतो आणि कोठारातली फाइल सापडत नाही. ३२ बिटांत सुमारे ४२९ कोटी ठसे मावतात, तरी साधारण ७७,००० चित्रांच्या संग्रहात कोणत्या तरी दोघांचा ठसा जुळण्याची शक्यता निम्म्यावर जाते. हा आकडा ऐकून दचकायचे कारण नाही. घरगुती संग्रह क्वचितच तेथवर पोचतो.

जानेवारी २०१३ च्या फ्रोडो (१२) आवृत्तीने मूळ कल्पनाच फिरवली. तोवर ठसा चित्रपटाच्या फायलीच्या मार्गाचा काढला जाई. आता तो खुद्द चित्राच्या (संकेतस्थळावरील किंवा डिस्कवरील) पत्त्याचा काढला जाऊ लागला. कोणत्या चित्रपटाला कोणते पोस्टर, हे व्हिडिओच्या डेटाबेसमधील ‘आर्ट’ तक्त्यात आले. कोणत्या पत्त्याची प्रत कोठे, हे ‘टेक्श्चर्स१३.डीबी’ या वेगळ्या डेटाबेसमध्ये. फायली ‘थंबनेल्स’खालील सोळा उपफोल्डरांत, ठशाच्या पहिल्या अंकानुसार वाटल्या गेल्या. त्यामुळे एका नोंदीला पोस्टर, बॅनर, पार्श्वचित्र अशी अनेक चित्रे जोडता आली. या रचनेत कोठार हे केवळ तात्पुरत्या प्रतींचे, म्हणजे कॅश; पुसले तर मूळ पत्त्यावरून पुन्हा भरते. अर्थात मूळ पत्ता जिवंत असेल तरच.

प्लेक्स सर्व्हरमध्ये उलट, ‘मेटाडेटा’ फोल्डर हाच खजिना आहे. येथे ठसा मार्गाचा नसून नोंदीच्या ओळखचिन्हाचा, एसएचए-१ पद्धतीचा, ४० अंकी असतो. पहिला अंक फोल्डराचे नाव, उरलेले ३९ त्यातील ‘.बंडल’ फोल्डराचे. वापरणाऱ्याने स्वतः चढवलेली पोस्टरे बंडलातील ‘अपलोड्स’मध्ये राहतात. फाइल दुसऱ्या डिस्कवर हलवली तरी पोस्टर टिकते, हा या रीतीचा मोठा गुण. पण २०२० मध्ये आलेल्या नव्या चित्रपट-एजंटासोबत (चित्रपटांची माहिती व चित्रे मिळवणाऱ्या घटकासोबत) ओळखचिन्हाचे रूपच बदलले, आणि चिन्ह बदलले की ठसा बदलतो. जुनी बंडले त्यामुळे बेवारस होतात. ती झाडून काढण्याचे काम सर्व्हरच्या नियमित देखभालीत ‘क्लीन बंडल्स’ या नावाने होते.

एम्बी या मीडिया सर्व्हरपासून डिसेंबर २०१८ मध्ये वेगळे झालेले जेलीफिन पुन्हा मार्गाकडे वळते: नोंदीचा क्रमांक तिचा प्रकार व मार्ग यांच्या एमडी५ ठशावरून ठरतो. सर्व्हर डॉकरमध्ये (प्रोग्रॅम स्वतंत्र कप्प्यात चालवणाऱ्या व्यवस्थेत) हलवताना संग्रहाचा मार्ग बदलला, की त्याच चित्रपटाची नवी नोंद होते. चित्रे संग्रहाच्या फोल्डरातच ठेवण्याचा पर्याय मात्र तेथे आहे, आणि बदल सोसण्याच्या बाबतीत ही जुनी रीतच सरस ठरते.

देवनागरी नावांच्या फोल्डरांबाबत एक बारीक मुद्दा नोंदवायला हवा. ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्यावर’ अशा शब्दांतील ‘ऱ’ युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो: एकसंध (०९३१) किंवा ‘र’ अधिक नुक्ता, म्हणजे खालचा बिंदू (०९३० व ०९३सी). मॅकची जुनी एचएफएस प्लस प्रणाली नावे विभक्त रूपात ठेवत असे. तेथून फोल्डर लिनक्सवर नेल्यास विभक्त रूप तसेच येऊ शकते. पडद्यावर अक्षर तेच दिसते, पण यूटीएफ-८ या साठवणीच्या रीतीत तीन बाइटांऐवजी सहा होतात. मार्गावर ठसा काढणाऱ्या सर्व्हरला ते वेगळेच नाव वाटते.